बाहुलीचा सहावा हात

(मालेगाव, जि. वाशीम येथील महिला कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आज आपण बाहुल्या करणार आहोत असं सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, पोरींचे खेळ खेळायचं वय राहिलं का आपलं?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्या वऱ्हाडातल्या बायांना माती आणि कापड यांतून माणूस उभं करणं नवीन नाही. पोरी मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडून कोजागिरीपर्यंत गाणी म्हणतात. भादव्यात ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्या येतात. मुखवटा मातीचा नाहीतर पितळेचा, खाली कोठी आणि तिच्यावर नेसवलेलं लुगडं. ज्या बाईच्या हाताला निऱ्या चांगल्या बसतात, तिला गल्लीभर बोलावणं असतं.

आमच्या गटात अशीच एक बाई आहे. कर्जापायी तिच्या नवऱ्याने जीव दिला. पुढच्या भादव्यात तिला एकाही घरून बोलावणं आलं नाही. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "हात तर तेच आहेत ना माझे?"

२००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यांत आपलं वाशीम होतं. अशा घरातल्या बायांना कर्जाशी झगडावं लागतं आणि समाजाशीही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. पण परिपत्रक आपल्या माजघरापर्यंत आपोआप येत नाही.

म्हणून आम्ही गटात बाहुल्या करायला घेतल्या. अट एकच होती. देवी करायची नाही, ओळखीची बाई करायची नाही. अजून कुठे नसलेली, आपल्या मनातली बाई करायची. आपली काळी माती वाळताना तडकते. म्हणून ती चाळून, भिजवून, त्यात पिंजलेला कापूस घालून चांगली मळायची. काडीवर चेहरा घडवून सावलीत वाळवायचा. काडीला चिंध्या गुंडाळून अंग भरायचं आणि वर जुन्या लुगड्याचा तुकडा नेसवायचा. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे.

हात चालू लागले की तोंडंही उघडतात. एरवी बैठकीत गप्प बसणाऱ्या बाया त्या दिवशी बोलत होत्या. आमच्या त्या बाईने बाहुलीला सहा हात लावले. खुरपं, लाटणं, विळा, पोराचं दप्तर, गटाचं पासबुक. सहावा हात रिकामाच. कुणी म्हणालं मोबाईल दे, कुणी म्हणालं कुंकवाचा करंडा दे. तिने कागदाचा कपटा घेतला, घडी घातली आणि त्या हातात खोवला. म्हणाली, "हा सातबारा."

तेव्हा आम्हाला कळलं, की जमीन अजून मेलेल्या नवऱ्याच्या नावावर होती आणि कसत होता दीर. दोन वर्षं ती आमच्यात बसत होती, पण हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई या साऱ्यांचा त्याच्या मालमत्तेत सारखा हक्क असतो. मृत्यूचा दाखला जोडून आम्ही वारस नोंदीचा अर्ज दिला. हेलपाटे पुष्कळ पडले, दिराची बोलणी खावी लागली. आज उताऱ्यावर तिचं, दोन्ही मुलांचं आणि सासूचं नाव आहे.

महालक्ष्म्यांच्या निऱ्यांना मात्र तिला अजून बोलावणं नाही. कागदावर नाव लागलं, पण माजघराचं दार बंदच आहे. ते दार सरकारने उघडायचं नाही, तुम्ही-मी उघडायचं आहे. येत्या भादव्यात आपल्यातल्या प्रत्येकीने आपल्या घरी अशा एका मैत्रिणीला लुगडं नेसवायला बोलवावं आणि पहिलं हळदी-कुंकू तिलाच लावावं. सासू रागावेल, शेजारीण बोलेल. त्यांना काय उत्तर द्यायचं, ते आत्ता माती मळता मळता ठरवू या.

चला, बाह्या वर करा.