जठर लहान करण्यापूर्वी

म्हैसूर म्हटले की दसरा आठवतो, चामुंडीची टेकडी आठवते. आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना हेही स्मरत असेल की, प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली याच शहरात आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र चालवले होते व त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिले होते. परंतु या शहराजवळ वैद्यकाच्या दृष्टीने आणखी एक ठेवा आहे आणि आजच्या विषयाला आरंभ करण्यास तो फार सोयीचा आहे. येथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बालकांची वजने व लांबी वह्यांतून जपून नोंदवलेली होती. १९५४ पर्यंत तेथे जन्मलेल्यांपैकी पाचशेहून अधिक माणसांना प्रौढ वयात शोधून काढून संशोधकांनी त्यांची तपासणी केली. पाश्चात्त्य देशांत कमी वजनाच्या बालकांना पुढे मधुमेह अधिक जडतो, असे तोवर दिसले होते. म्हैसूरला निराळेच आढळले. जी बालके जन्मतः आखूड, परंतु लांबीच्या मानाने वजनदार होती, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण अधिक होते. पुढे याच शहरातील नवजात बालकांची मापे घेतली, तेव्हा ती इंग्लंडमधील बालकांहून सर्व बाजूंनी लहान भरली. पाठीच्या कातडीखालची चरबी तेवढी फारशी कमी नव्हती.

पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी हीच गोष्ट २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका छायाचित्राने पटवून दिली. एकीकडे स्वतः याज्ञिक, दुसरीकडे त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या हिशेबाने काढलेला वजनाचा निर्देशांक, ज्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात, तो दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

वजनकाटा आपल्या लोकांच्या बाबतीत निम्मेच सत्य सांगतो, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार निराळ्या वाटेने करावा लागतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या दंडकाप्रमाणे हा निर्देशांक ४० च्या वर, अथवा आनुषंगिक व्याधी असल्यास ३५ च्या वर असेल, तरच शस्त्रक्रिया करावी असे होते. २०२२ साली शल्यविशारदांच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संस्थांनी तो दंडक सैल केला आणि आशियाई लोकांना २७.५ पासूनच या उपायाचा विचार खुला असावा, असे म्हटले. अर्थात खुला असणे म्हणजे आवश्यक असणे नव्हे. आहार, व्यायाम आणि अलीकडची औषधे यांचा प्रयत्न आधी व्हावयास हवा. २०२५ पासून आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची प्रभावी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली आहेत.

ज्यांनी शस्त्रक्रियेचा निश्चय केला, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: कोणत्या प्रकाराने अधिक किलो उतरतील? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा.

आज मुख्यतः दोन प्रकार प्रचारात आहेत. पहिल्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची एक अरुंद नळी राहते. सदऱ्याच्या बाहीसारखी ती दिसते म्हणून त्याला 'स्लीव्ह' म्हणतात. आतड्यांना येथे हात लागत नाही; मात्र काढलेले जठर पुन्हा लावता येत नाही. दुसरा प्रकार 'बायपास'. यात जठराच्या वरच्या टोकाशी अंड्याएवढी लहान पिशवी राखून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न तिकडे फिरकत नाही. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली या मार्गाला आरंभ केला. या बायपासचीच एक सोपी, एकाच जोडाची आवृत्ती आपल्याकडे पुष्कळ केली जाते. तिच्यात पित्त उलटे जठरात येण्याचा संभव विचारात घ्यावा लागतो. जठराभोवती पट्टा आवळण्याची पद्धत एके काळी फार गाजली होती, ती आता बहुतेक मागे पडली आहे.

फिनलंड व स्वित्झर्लंड या दोन देशांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने रुग्णांची विभागणी करून या दोन प्रकारांची तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये जादा वजनापैकी स्लीव्हने सरासरी ४९ टक्के, तर बायपासने ५७ टक्के वजन उतरले. हा फरक काही फार मोठा नव्हे. खरा फरक दुसरीकडे होता. ज्यांना आधीपासून अन्ननलिकेत आम्ल वर येऊन जळजळ होत असे, त्यांच्यापैकी स्वित्झर्लंडमध्ये स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के लोकांचा त्रास वाढला. बायपासनंतर केवळ ६ टक्क्यांचा. म्हणून रात्री उशा रचून निजणाऱ्या, खिशात आम्लाच्या गोळ्या बाळगणाऱ्या माणसाने स्लीव्ह स्वीकारण्यापूर्वी दुर्बिणीने अन्ननलिका तपासून घ्यावी. जुनाट मधुमेह असेल तर बायपासचे पारडे सामान्यतः जड ठरते. त्यानंतर रक्तातील साखर वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, खाली येऊ लागते.

मग सर्वांनीच बायपास का करू नये? सांधे दुखतात म्हणून वरचेवर वेदनाशामक गोळ्या घेणारा माणूस घ्या. बायपासमध्ये जेथे जठर व आतडे जोडलेले असते, तेथे या गोळ्यांनी आणि धूम्रपानाने व्रण होतात. कधी ते फुटतातही. शिवाय लोह आणि चुना ज्या आद्यांत्रात मुख्यतः शोषला जातो, तेच वगळले गेलेले असते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव दोन्ही प्रकारांत उद्भवते, बायपासमध्ये अधिक. आणि आपल्या शाकाहारी कुटुंबांत ती शस्त्रक्रियेआधीच पुष्कळदा असते. ती आधी तपासून भरून काढावी. जेवण चार घासांवर आल्यावर त्यांत प्रथिने किती जाणार, हाही प्रश्न आहे. वरण-भातातील भातच आधी पोट भरतो. तेव्हा पहिले घास डाळीचे, पनीराचे वा अंड्याचे असावे लागतात. बायपास झालेल्याने तुपासाखरेत न्हालेला म्हैसूरपाक चवीने खाल्ला, तर घाम, धडधड आणि भोवळ यांनी त्याला आडवे व्हावे लागण्याचा संभव असतो. कित्येकांना हा धाक उपकारकच वाटतो!

निवडीत आणखी एक बाब येते, तिच्याकडे शस्त्रक्रियेच्या आनंदात दुर्लक्ष होते. गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर आहेत. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया करून दूरच्या तालुक्याच्या गावी परतणाऱ्याने दरवर्षी तपासणी कोठे होईल, औषधांचा मासिक खर्च किती येईल आणि मध्यरात्री पोटात कळ आली तर जवळचा कोणता डॉक्टर ही बदललेली रचना जाणतो, हे आधी विचारून घ्यावे. हे नीट जमण्यासारखे नसेल, तर ज्यात आतड्यांची जोडणी कमी, तो प्रकार अधिक सोयीचा, असे मला वाटते. तरुण स्त्रियांनी एवढे अधिक ध्यानात ठेवावे की, वजन उतरू लागताच गर्भधारणेची शक्यता वाढते. तथापि शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने ती लांबवावी, असा सल्ला दिला जातो आणि त्याची तजवीज रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच करावी लागते.