पांढऱ्या थर्माकोलचे काय करावे?



जळगाव-धुळ्याकडे आता खेड्यातही टीव्ही आले, फ्रीज आले. खोक्यातून पांढरा थर्माकोल येतो. वस्तू घरात जाते, थर्माकोल उकिरड्यावर जातो. तो कुजत नाही. वारा सुटला की त्याचे दाणे शेतात जातात. गुरे चाऱ्याबरोबर ते खातात.

कोणी तो चुलीत घालतात. पेटतो भरकन, पण काळा, विषारी धूर निघतो. शेजारी पोरं बसलेली असतात. आम्ही निक्षून सांगतो, तो जाळू नका.

राज्याने 2018 साली थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांना बंदी केली. 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीच्या थर्माकोललाही बंदी आहे. वस्तूंबरोबरचा मात्र येतच राहतो.

थर्माकोलात 100 भागांत 98 भाग हवा. म्हणून उष्णता आत लवकर शिरत नाही. झाकणाच्या पेटीत वैशाखातही बर्फ बराच वेळ टिकतो. फुटक्या पेटीला तळाशी भोके पाडा, माती भरा, वांगी-मिरचीची रोपे करा. गरम जेवण मात्र त्यात ठेवू नये.

रावेर-यावलकडे केळीच्या फण्यांमध्ये मऊ फोम घालतात. तो पुसून, वाळवून पुन्हा वापरता येतो. पूर्वी केळीची वाळली पानेच घालत. ती मातीत मिळत!

भंगारवाला थर्माकोल सहसा घेत नाही. गाडी भरली तरी वजन भरत नाही ना! पण स्वच्छ थर्माकोल वितळवून कारखान्यात तसबिरींच्या चौकटी होतात. म्हणून गावाने तो कोरडा, एका जागी पोत्यांत साठवावा. पुष्कळ साठला, तर न्यायला कोणी येईल.