घर घरी आणताना

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणून जातो. या म्हणीत थोडी कीव लपलेली असते. बदलीच्या नोकरीतला माणूस, ऊसतोडीला निघालेलं कुटुंब, दर अकरा महिन्यांनी खोली बदलणारा भाडेकरू. ज्याला बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागतं तो बिचारा, अशी आपली समजूत. पण जगात अशीही माणसं आहेत, जी चांगले पैसे मोजून, हौसेने असं बिऱ्हाड विकत घेतात. त्याला मोटरहोम म्हणतात. कॅरॅव्हॅन वेगळी. ती मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावी लागते. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं. पुढे ड्रायव्हर, मागे घर. झोपायला पलंग, दोन शेगड्या, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि संडास-बाथरूम. सगळं सात मीटरमध्ये.

माझा भाचा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहतो. २०२३ च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने असं एक वापरलेलं मोटरहोम घेतलं. हौस होतीच, पण खरं कारण होतं त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला आपा म्हणतो. आपाचं वय तेव्हा अडुसष्ट. हृदयाच्या औषधांमुळे तिला तासा-दीड तासाने बाथरूम गाठावं लागतं. मेहुणे गेले तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, ती आपल्या गल्लीच्या पलीकडे गेली नव्हती. कुठे चल म्हटलं की म्हणायची, ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते.’ भाच्याने विचार केला, आई घर सोडत नाही, तर घरच आईबरोबर हलेल असं काही करू. मेहुण्यांच्या मागे आलेल्या पैशांतला मोठा हिस्सा आपाने त्याच्या हातात ठेवला. त्यामुळे या गाडीला काही होणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

गाडी मिळाली इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, ट्रूरो गावाजवळ. विकणारं एक निवृत्त जोडपं होतं. तिथून बर्मिंगहॅम सुमारे अडीचशे मैल, म्हणजे चारशे किलोमीटर. भाच्याचा पहिला बेत असा, की आईला बरोबरच न्यायचं, गाडी ताब्यात घ्यायची आणि समुद्राच्या काठाकाठाने आठवडाभर फिरत परत यायचं. हा बेत ऐकून भाचसून गप्प बसली. मी म्हटलं, ‘बाबा रे, नव्या बैलाला पहिल्याच दिवशी कुणी नांगराला जुंपत नाही.’ मग चार संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही गाडी घरी आणण्याची आखणी केली. लेखनिक मी. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी साहित्यात. गाडीतलं मला हॉर्नपलीकडे काही कळत नाही. पण यादी करायला यंत्र कळावं लागत नाही, प्रश्न विचारता आले म्हणजे पुरतं.

पहिला प्रश्न कागदांचा. ब्रिटनमध्ये गाडी विकली की जुन्या मालकाने भरलेला रस्ताकर नव्या मालकाच्या कामाचा राहत नाही. २०१४ पासून तसा नियम आहे. नव्या मालकाने आपला कर भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. विमा त्याच दिवसापासून चालू हवा. वाटेत बंद पडलीच तर सात मीटरचं धूड उचलून नेईल अशी मदतसेवा हवी. साध्या मोटारीची सेवा कित्येकदा लांबी-वजनाला अडते. आणि परवाना? ज्यांनी मोटारीचा परवाना १ जानेवारी १९९७ नंतर काढला, त्यांना त्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच डिझेल गाडी चालवता येते. भाच्याचा परवाना त्यानंतरचा. म्हणजे ३,५०० ही आमची लक्ष्मणरेषा ठरली.

इथून दुसरा प्रश्न निघाला, वजनाचा. जमिनीवरच्या घराचं वजन कुणी कधी करत नाही. लोखंडी कपाट आणलं, तांदळाचं पोतं आणलं, घर काही तक्रार करत नाही. चाकांवरच्या घरात मात्र प्रत्येक चमचा तोलावा लागतो. गाडीवरच्या पाटीवर कमाल वजन होतं ३,५०० किलो. त्या जोडप्याने गाडी वजनकाट्यावर नेली होती. डिझेलसह रिकामी गाडी भरली ३,०४० किलो. उरले ४६०. आम्ही चौघं बसलो तर २९० गेले. राहिले १७०. पाण्याची टाकी शंभर लिटरची, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. राहिले ७०. त्यात गॅसची सिलिंडरं, अंथरुणं, विजेची लांब केबल, खुर्च्या. आपाने भांड्यांची पिशवी पुढे केली तेव्हा भाचसुनेने ती हातात धरून पाहिली आणि हळूच बाजूला ठेवली. ठरलं असं, की पहिल्या प्रवासात टाकीत वीसच लिटर पाणी घ्यायचं आणि माणसंही कमी न्यायची.

तिसरा प्रश्न उंचीचा. गाडी २.९ मीटर उंच, म्हणजे साडेनऊ फूट. मोटार चालवणाऱ्याला आपल्या डोक्यावर काय आहे हे बघायची सवयच नसते. तिथल्या दुकानांच्या वाहनतळांना साधारण दोन मीटरवर आडवी दांडी असते. जुन्या रेल्वे पुलांखाली उंचीच्या पाट्या असतात, त्यांवर फूट-इंच असतात आणि मीटरही. पाटी समोर आल्यावर गणित करत बसायला वेळ कुठला? म्हणून एका जाड कागदावर दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि स्टिअरिंगसमोर चिकटवायचं ठरवलं. त्याच कागदावर खाली लिहिलं, ‘डिझेलचं झाकण काळं, पाण्याचं निळं.’ हसू नका. पाण्याच्या टाकीत डिझेल आणि डिझेलच्या टाकीत पाणी ओतणारे नवे मालक असतात, आणि दोन्हींची दुरुस्ती महागात जाते.

चौथा प्रश्न वाटेचा. फोनमधला नकाशा जवळची वाट दाखवतो, पण तुमच्या गाडीची उंची-रुंदी विचारत नाही. कॉर्नवॉलच्या आतल्या वाटा पाहिल्या की मला आमच्या चिपळूणकडच्या पाखाड्या आठवतात. दोन्ही बाजूंना उंच, झाडोऱ्याने भरलेले बांध आणि मध्ये एक गाडी कशीबशी जाईल एवढी जागा. समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी मागे जायलाच हवं. म्हणून ठरवलं, जवळची वाट बंद. ए-३० हा मोठा रस्ता धरून बॉडमिनच्या माळावरून एक्सेटर, आणि तिथून एम-५ महामार्गाने टाँटन, ब्रिस्टल, ग्लॉस्टर, वुस्टर करत बर्मिंगहॅम. ब्रिस्टलजवळ एव्हनमथचा पूल नदीवरून उंचावर जातो. तिथे वारा आडवा लागतो आणि उंच गाडीला ढकलतो. त्या पुलापुढे मी लिहिलं, ‘दोन्ही हात, वेग कमी, बोलणं बंद.’ बर्मिंगहॅमच्या मध्यभागी २०२१ पासून स्वच्छ हवेचं क्षेत्र आहे. जुन्या डिझेल गाडीला तिथे शिरायचं शुल्क पडतं. ते क्षेत्र टाळून घरी कसं यायचं, तेही कागदावर घेतलं.

ब्रिस्टलचं नाव आलं म्हणून सांगतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक डॉक्टर होते, पूर्वी नौदलात होते आणि लेखकही होते. १८८५ च्या सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून केवळ हौसेच्या भटकंतीसाठी घोड्यांनी ओढायचं एक घर बांधून घेतलं. त्याचं नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. त्यातून ते पार स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जायचा आणि मागून धूड येतंय अशी लोकांना सूचना द्यायचा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, घोडे गेले, इंजिन आलं. पण पुढे काय वाढून ठेवलंय हे आधी पाहून घ्यायची गरज काही संपली नाही. आमची तीनचाकी म्हणजे तो कागद.

पाचवा मुद्दा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटला, आणि तो विकणाऱ्या बाईंनी फोनवर सुचवला. गाडी घेतली की लगेच लांब जाऊ नका, पहिली रात्र आमच्या जवळच काढा. दहा मैलांवर वीज-पाण्याची सोय असलेला तळ होता. तिथे एक रात्र घर वापरून पाहायचं. पंप पाणी चढवतो का? हीटर पेटतो का? फ्रिज तीन प्रकारे चालतो. गाडी धावताना बॅटरीवर, उभी असताना विजेवर, वीज नसेल तर गॅसवर. तीनही प्रकार तपासायचे. कार्बन मोनॉक्साइडची घंटा बटण दाबून वाजवून बघायची, कारण तो वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. संडासाखालची काढता येणारी टाकी ओढून परत बसवायची. तिला ‘कॅसेट’ म्हणतात. आमच्या पिढीने कॅसेटवर गझला ऐकल्या. हा उपयोग ऐकून आपा पदर तोंडाला लावून हसत सुटली. काही बिघाड निघालाच तर विचारायला जुने मालक दहा मैलांवर. अडीचशे मैलांवरून फोनवर विचारण्यात आणि यात फार फरक आहे.

टायरचंही तसंच. त्यांच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मोटरहोम फिरतं कमी, उभं जास्त. त्यामुळे टायर झिजायच्या आधीच म्हातारे होतात. नक्षी शाबूत दिसते आणि रबर तडकलेलं असतं. नुसतं वरवर पाहून चालत नाही, वाकून वाचावं लागतं.

मग निघण्यापूर्वीची यादी. गॅस सिलिंडरपाशी बंद. छताच्या खिडक्या बंद. पायरी आत. विजेची केबल काढली. कपाटांच्या कड्या लावल्या. ताटांच्या मध्ये टॉवेल. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने त्या-त्या वस्तूला हात लावून ‘झालं’ म्हणायचं. गाडी मागे घेताना माझी नेमणूक कंडक्टर म्हणून झाली. एसटीचा कंडक्टर उतरून मागे उभा राहतो ना, तसा. नियम एकच: मी आरशात दिसत नसेन तर भाच्याने थांबायचं. मागचं चाक आणि गाडीचं शेपूट यांच्यात बरंच अंतर असतं. वळताना ते शेपूट उलट्या बाजूला फेकलं जातं, हे ड्रायव्हरला आतून कळत नाही.

आता अवघड भाग. आपाने येऊ नये असं ठरलं, आणि ते तिला कुणी सांगायचं? तिची कल्पना होती की ती मागे पलंगावर आडवी होऊन येईल. पण धावत्या गाडीत पट्टा लावलेल्या सीटवरच बसायचं. पलंग उभ्या गाडीसाठी असतो. पहिल्याच दिवशी अडीचशे मैल ताठ बसून येणं तिला झेपणारं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, ‘मला कळलं रे. माझ्यासाठी आणताय आणि मलाच ठेवून जाताय.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, ‘गाडी आणल्यावर ठेवणार कुठे?’

आमच्या चार संध्याकाळच्या यादीत हा प्रश्नच नव्हता! दुसऱ्या दिवशी आपाने शिवणाची टेप काढली. फाटकाची रुंदी मोजली, अंगणाची लांबी मोजली. कपडे वाळत घालायच्या काठीला साडेनऊ फुटांवर लाल दोरा बांधला आणि ती उभी धरून फाटकापासून भिंतीपर्यंत चालत गेली. शेजाऱ्यांच्या झाडाची एक फांदी दोऱ्याच्या चार बोटं खाली निघाली. ती स्वतः शेजारी गेली, बोलली, आणि आम्ही कॉर्नवॉलहून परतायच्या आत फांदी छाटून झाली.

आम्ही तिघं मंगळवारी रेल्वेने गेलो, कारण सुट्टीला जोडून एम-५ वर फार गर्दी असते. रात्र तळावर काढली. हीटरने पहिल्यांदा दगा दिला, जुने मालक येऊन पंधरा मिनिटांत दाखवून गेले. बुधवारी सकाळी आठला निघालो, दर दोन तासांच्या आत थांबलो, आणि उजेड असताना घरी पोहोचलो. वाटेत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि आखणी त्यासाठीच केली होती.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या आपल्यापैकी कुणी असं चाकांवरचं घर घेईल. आपले घाट, आपले अरुंद पूल, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा आणि फांद्या वेगळ्या आहेत. पण वजन, उंची, वाट, पहिली रात्र आणि ठेवायची जागा हे पाच प्रश्न इथेही तेच राहतील. ते घेण्याआधी विचारा, आणि घरातल्या सगळ्यांना विचारा.

पुढच्या रविवारी आपाला घेऊन आम्ही वुस्टरजवळ सेव्हर्न नदीच्या काठी गेलो. अंतर तीसेक मैल. मी यादीचा कागद काढला तर तिने तो माझ्या हातातून घेतला. चश्मा लावून एकेक ओळ मोठ्याने वाचली. भाच्याने इंजिन चालू केलं होतं, त्याला बंद करायला लावलं, कारण कपाटाच्या कडीला अजून कुणी हात लावला नव्हता. मग पट्टा बांधून बसली आणि म्हणाली, ‘हं, आता चल.’ माझी कंडक्टरची नोकरी त्या दिवशी गेली. डबल बेल आता तीच देते.