छायाचित्राचे मोल : रसायनाचे की शाईचे?



कलेच्या व्यासपीठावर कामगार संघटनेतल्या माणसाचे काय काम, असे कुणास वाटले तर ते रास्तच आहे. परंतु आजचा वाद मुळात कामाचाच आहे. अंधारखोलीत रसायनात धुऊन काढलेला फोटो ही कला आणि इंकजेट यंत्रातून शाईने उमटलेला फोटो ही नुसती छपाई, असे पुष्कळ रसिक मानतात. हात आणि यंत्र यांचा तंटा आम्ही उभी हयात पाहत आलो आहोत. म्हणून हे धाडस.

प्रथम हाताची बाजू ऐकू. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. निगेटिव्ह एकच, पण पुढे अनेक वर्षे त्यांनी स्वतः तिच्या १,३०० हून अधिक प्रती काढल्या. एन्लार्जरखाली कागदाच्या एका भागावरचा प्रकाश हाताने अडवायचा, दुसऱ्यास जास्त वेळ द्यायचा, असे ते काम. आरंभीच्या प्रतींत आकाश उजळ आणि ढगाळ आहे. उत्तरकाळच्या प्रतींत ते जवळजवळ काळेभोर आहे. माणसाची दृष्टी बदलली तसे आकाश बदलले. अशी प्रत ही नक्कल नव्हे. दरखेपेस नव्याने दिलेला तो निवाडा होय.

आता दुसरा दाखला घ्या. फ्रान्सचे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपले फोटो स्वतः छापीत नसत. पॅरिसमध्ये पिएर गासमान यांनी १९५० साली काढलेल्या प्रयोगशाळेत ते काम होई. चित्राखाली नाव मात्र एकाचेच. हाताच्या स्पर्शास मोल आहे म्हणता, तर ते कोणाच्या हाताच्या? शिवाय तांबड्या दिव्याखाली, हायपोच्या वासात तासन् तास उभे राहणे ही काही तपश्चर्या नव्हे. कष्ट पडले म्हणून माल चांगला, असे आम्हांस तरी कोणी कामगार म्हणाला नाही.

यंत्राचाही इतिहास पाहा. गायक ग्रॅहम नॅश यांनी १९९१ साली कॅलिफोर्नियात फोटो छापण्याचा कारखाना काढला तो आयरिस यंत्रावर. हे यंत्र मुळात छापखान्यासाठी रंगीत नमुना-प्रती काढणारे. त्याची आरंभीची शाई लवकर विटे. पुढे टिकाऊ रंगद्रव्यांच्या शाया आल्या आणि तो आक्षेप बराच बोथट झाला. तेथील जॅक डुगान यांनी या छपाईला ‘झीक्ले’ असे फ्रेंच वळणाचे नाव दिले. ‘इंकजेट’ म्हटले की गिऱ्हाइकास कचेरीतले कागद आठवतात, म्हणून ही सोय! वस्तू चांगली असेल तर तिला आपले नाव सांगायला लाज कसली?

पडद्यासमोर बसलेला माणूसही तोच निवाडा करतो: येथे उजेड, तेथे सावली. फरक एवढाच की, त्याने तो एकदा दिला की शंभरावी प्रत विनासायास निघते. अंधारखोलीत शंभराव्या प्रतीलाही माणूस उभा करावा लागतो. तेव्हा आमच्या मते कलेचे मोल दोहोंकडे सारखेच असू शकते, दुर्मिळतेचे नसते. बाजार ही दोन मोले मुद्दाम एक करतो.

आणि तोटा होतो तो वेगळ्याच जागी. उटकमंडला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे तो बंद पडला. तंत्र बदलले की कला नवे घर शोधते. पण पन्नाशीतल्या कामगाराच्या बोटांतले ज्ञान कोठे जाणार? त्याची नोंद ठेवणे, ते तरुणांस शिकविणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.

म्हणून फोटो विकत घेताना तीन प्रश्न जरूर विचारा: हा कशाने छापला, किती प्रती काढल्या आणि छापणाऱ्याचे नाव काय? तिसऱ्या प्रश्नास बहुधा उत्तर मिळणार नाही. तरी तो विचारीत राहावे, एवढीच आमची विनंती आहे.