फिरंगी पंगत



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा बोनस, किमान वेतन असे काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हणालो, "पणजीत एकदा जेवलो, त्याविषयी बोलू." त्यांना वाटले, उन्हाळ्यामुळे डोके तापले! पण युनियनच्या कामात तीस वर्षे गेली की ताटातले अन्न पाहून ते कोणी शिजवले, कोणी आणले, त्याला काय मिळाले, हे मनात आल्यावाचून राहत नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे वाचनालयात आणि गेटसभेत झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा धरू नये.

दोन वर्षांपूर्वी बंदरकामगारांच्या एका बैठकीसाठी आम्ही गोव्याला गेलो होतो. बरोबर दोघे होते : बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा एक तरुण आणि आपल्याच गावच्या पानमळ्यात आयुष्य घालवलेले एक माळकरी अण्णा. बैठक आटोपून संध्याकाळी पणजीला आलो. तिथे फोंतेन्हास म्हणून जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंती, कौले आणि रस्त्यावर डोकावणारे लहान सज्जे. एका दारावर पोर्तुगीज जेवण मिळेल अशी पाटी होती. तरुण म्हणाला, "भाऊ, इथेच जेवू." आमचा पाय मात्र पायरीवर अडला.

कारण सांगतो. आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, १९५५ साली विशीत होते. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. आबा पत्रादेवीच्या वाटेने गेलेल्यांत होते. जीव वाचला, पण बंदुकीच्या दस्त्याचा घाव खांद्यावर घेऊन परतले. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, साडेचारशे वर्षांची सत्ता गेली, तरी आबांनी मरेपर्यंत पाव खाल्ला नाही. "तो फिरंग्यांचा," एवढेच म्हणत. एरवी त्या काळी जुनी माणसे पावाने बाटतो म्हणून तो टाळीत. आबांचे कारण निराळे होते. त्यांच्या पुतण्याने फिरंग्यांच्या पंक्तीला बसावे काय?

शेवटी भूक आणि तरुणाचा आग्रह यांनी निकाल दिला. अण्णांनी बजावले, "मला त्यांचे काहीच नको. नुसता बटाटा, पालाभाजी आणि कोरडा पाव द्या." तशी एक पातळ भाजी, ते तिला सूप म्हणतात, हिरव्या पानांची आणि बटाट्याची असते. तीत मांसाचे तुकडे घालतात, ते न घालता अण्णांपुरती करून मिळाली. आम्ही विंदालू मागवले. तरुणाने त्यात आलू शोधण्याचा बराच प्रयत्न केला. आलू नसतोच. मूळ शब्दाचा अर्थ दारू आणि लसूण. लांबच्या समुद्रप्रवासात मांस टिकावे म्हणून दारू-लसणात मुरवायचे. गोव्यात त्या दारूच्या जागी माडाच्या ताडीचा शिरका आला, आणि वर मिरची पडली.

यादीत सर्वांत महाग पदार्थ होता बाकल्याव. म्हणजे काय, तर उत्तरेकडच्या थंड समुद्रातला मासा, खारवून वाळवलेला. खारटपणा जाण्यासाठी तो आधी पाण्यात भिजत घालून ते पाणी पुन्हापुन्हा बदलावे लागते. आपल्या आठवडे बाजारात सुके बोंबील येतात, त्यांचाच हा दूरचा भाऊ! कष्टकऱ्याचे अन्न सगळीकडे सुकवलेले आणि खारवलेलेच असते. मग कधीतरी ते श्रीमंतांना आवडू लागते, आणि कष्टकऱ्याला परवडेनासे होते.

जेवण झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ही आमची जुनी खोड. कारखाना असो की खानावळ, मागचे दार पाहिल्याशिवाय आम्हांस ती जागा पाहिल्यासारखी वाटत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाई साष्टीच्या, वयाने आमच्याएवढ्या. त्या कोंकणीत बोलत, आम्ही मराठीत, आणि अडत काही नव्हते. पूर्वी पावाचे पीठ ताडीवर आंबवीत, सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवीत पाव घेऊन येतो, पण आता भट्टीच्या धगीत उभे राहायला पोरे तयार नाहीत, असे त्यांनी सांगितले. अण्णांनी काय काय खाल्ले हे ऐकून त्या हसू लागल्या. बटाटा हे नाव पोर्तुगीजांचे, पाव त्यांचा, ज्याला आपण कोबी म्हणतो तो शब्दही त्यांचाच. सर्वांत जास्त फिरंगी जेवण आमच्या माळकऱ्याचेच झाले होते!

कोपऱ्यात ओरिसाकडचा एक मुलगा भांडी घाशीत होता. आम्ही विचारले, "किती तास?" म्हणाला, "बारा." "सुट्टी?" "सीझनमध्ये नाही." पावसाळ्यात गिऱ्हाईक आटले की घरी जायचे, बिनपैशांनी. उसाच्या फडात आणि साखर कारखान्याच्या हंगामी खात्यात आयुष्य गेलेली माणसे आज इथे बसली आहेत. त्यांना याचा अर्थ सांगायला नको. पगार वेळेवर होतो का, हे विचारल्यावर तो मालकाच्या गल्ल्याकडे पाहून गप्प राहिला. तेव्हा बाई म्हणाल्या, "पगार हा शब्दसुद्धा त्यांचाच."

घरी आल्यावर आम्ही वाचनालयात व्युत्पत्तिकोश काढून बसलो. बाईंचे खरे होते. पगार त्यांचा. घमेले, मिस्त्री, बादली, पिंप, चावी, लिलाव हे शब्दही त्यांच्याकडूनच आलेले. राजाने किल्ले बांधले, पाद्र्याने देवळे बांधली, पण भाषेत मुक्कामाला राहिले ते बिगाऱ्याचे घमेले. आणि एक गोष्ट ध्यानात आली. त्यांच्या भाषेत पगार हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. म्हणजे ती देणाऱ्याने करावयाची क्रिया आहे. आपल्याकडे तिचे नाम झाले, आणि घेणाऱ्याने वाट पाहत बसण्याची वस्तू झाली. आमच्या धंद्याचा सगळा खटाटोप या नामाचे पुन्हा क्रियापद करण्यासाठीच आहे, असे आम्हांस वाटते.

आबांनी पाव सोडला, पण साखर कारखान्यात ते दर महिन्याला पगार घेत. एकादशीला खिचडी खात. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, मिरची, बटाटा, सगळे मूळचे अमेरिकेतले. त्यातले बरेचसे फिरंग्यांच्या गलबतांतून इकडे आले. तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा उपवास असला की आपण वारकऱ्यांना हेच भक्तिभावाने वाढतो. म्हणून आबांचे व्रत खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने खांद्यावर घाव घेतला, त्याला एखादी वस्तू नाकारण्याचा अधिकार आहे. मात्र त्यांचे भांडण राज्य करणाऱ्यांशी होते. ते राज्य नको म्हणणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती लोकही होते. १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापणारे त्रिस्तांव ब्रागांस कुन्हा त्यांच्यापैकीच. त्यांना तर पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन डांबले होते. पाव भाजणाऱ्याने आणि भांडी घासणाऱ्याने कोणावर राज्य केले? त्यांचा हिशेब तर अजून चुकता व्हायचा आहे.

निघायच्या सकाळी भोंगा वाजला तेव्हा आम्ही पोदेराकडून चार पाव घेतले. गावी येईपर्यंत ते कडक झाले. आबा तर केव्हाच गेले. काकूंपुढे भीतभीत एक पाव ठेवला. त्यांनी तो चहात बुडवून शांतपणे खाल्ला आणि म्हणाल्या, "त्यांनाही आवडला असता. पण त्यांच्यापुढे ठेवायची हिंमत कोणी केली नाही."

आम्हांसही ती झाली नव्हती.