जीवदया आणि वैद्याचा हात : श्वानांच्या सांध्यांची दुर्बीण-शस्त्रक्रिया व तिचे प्रात्यक्षिक शिक्षण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



जीवंधरकुमारांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. मार खाऊन मरणासन्न झालेल्या एका श्वानाला त्यांनी णमोकार मंत्र ऐकविला आणि तो जीव पुढे सुदर्शन यक्ष झाला. श्वान हा पंचेंद्रिय, मन असलेला जीव आहे; त्याला वेदना कळते आणि करुणाही कळते, हा या कथेचा बोध. मुंबईच्या इतिहासातही याचे प्रत्यंतर सापडते. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत मोठा उठाव झाला. पारशी समाज त्यात अग्रभागी होता. जैन व हिंदू बांधवांनी त्याला साथ दिली. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन श्रेष्ठी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले.

पांजरपोळाने मुक्या जीवाला निवारा दिला, चारा-पाणी दिले. परंतु निवारा मिळालेल्या जीवाच्या सांध्यातील कळ केवळ निवाऱ्याने थांबत नाही. तिथे वैद्य लागतो, आणि वैद्याच्या ठायी दयेबरोबर हस्तकौशल्यही लागते. हे कौशल्य कसे मिळते आणि ते मिळविताना अहिंसेचे पालन कसे होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींच्या पिल्लांमध्ये पाच-सहा महिन्यांच्या वयातच पुढचा पाय लंगडू लागल्याचे आढळते. घरच्यांना वाटते, उडी मारताना मुरगळला असेल. पुष्कळदा कारण असते कोपराच्या सांध्याची सदोष वाढ. सांध्याच्या आतील कडेचा हाडाचा बारीक तुकडा सुटतो आणि प्रत्येक पावलागणिक कूर्चेवर घासत राहतो. खांद्यामध्ये कूर्चेचा पापुद्रा सुटतो. गुडघ्यात आतील बंध तुटतो आणि गादीसारखी चकती फाटते. कोपरातील तो तुकडा साध्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसतही नाही. श्वान बोलू शकत नाही आणि बरेच प्राणी वेदना लपवितात. म्हणून निदानाला उशीर होतो.

पूर्वी अशा वेळी सांधा उघडूनच पाहावा लागे. आर्थ्रोस्कोपी, म्हणजे सांध्याची दुर्बीण, आल्यानंतर हे चित्र पालटले. १९१८ साली टोकियोचे डॉ. केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याच्या दुर्बिणीतून मृतदेहाच्या गुडघ्याचे अंतरंग पाहिले. त्यांच्या परंपरेतील डॉ. मासाकी वातानाबे यांनी हे साधन शस्त्रक्रियेसाठी उपयुक्त केले. पशुवैद्यकात ही विद्या प्रथम घोड्यांच्या सांध्यांसाठी रुजली. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे डॉ. वेन मॅक्‌इल्रेथ यांचे नाव त्यात अग्रगण्य आहे. श्वानांच्या आर्थ्रोस्कोपीविषयीचे लेखन १९७८ सालापासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि १९९० नंतरच्या दशकात बेल्जियममधील गेंट विद्यापीठात श्वानाच्या कोपराच्या आर्थ्रोस्कोपीवर पायाभूत काम झाले.

श्वानासाठी वापरली जाणारी दुर्बीण सुमारे १.९ ते २.७ मिलिमीटर व्यासाची असते. तिचे भिंग बहुधा ३० अंशांनी तिरके असते. सांध्यात प्रथम सुई घालून निर्जंतुक क्षारद्रव भरतात, त्यामुळे आतली जागा फुगते. मग एका छिद्रातून दुर्बीण आणि दुसऱ्या छिद्रातून बारीक चिमटा किंवा खरवडणी आत जाते. पडद्यावर सांधा कितीतरी पटींनी मोठा दिसतो. जखम लहान, वेदना कमी आणि पाय लवकर टेकता येतो, हे तिचे लाभ.

परंतु जे पडद्यावर सोपे दिसते ते हाताला अत्यंत कठीण जाते. डोळे पडद्याकडे असतात आणि हात दुसरीकडे काम करीत असतात. दुर्बिणीच्या टोकापाशी दुसरे उपकरण अचूक आणून भेटविणे, ज्याला त्रिकोणीकरण म्हणतात, हीच नवशिक्याची पहिली परीक्षा. उपकरण सांध्यात शिरलेले असते, पण दिसत नाही. शोधता शोधता त्याचे टोक निरोगी कूर्चेवर ओरखडा काढते. कूर्चा एकदा खरवडली गेली की पूर्ववत भरून येत नाही. भिंग तिरके असल्याने दुर्बीण न हलविता केवळ फिरवून दृष्टी बदलावी लागते, आणि हे करताना कॅमेरा मात्र सरळ धरावा लागतो. अन्यथा वर-खाली हा भेदच नाहीसा होतो. कोपराच्या आतील बाजूने अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. छिद्राची जागा चुकली तर त्याला इजा होऊ शकते. वेळ लांबला तर क्षारद्रव त्वचेखाली पाझरतो, भोवतालचा भाग सुजतो आणि काम अधिकच अवघड होते.

म्हणूनच या विद्येचे शिक्षण केवळ ग्रंथवाचनाने किंवा चित्रफितींनी पूर्ण होत नाही. प्रात्यक्षिक वर्गाचा क्रम साधारणतः असा असतो. प्रथम शरीररचनेची उजळणी. नंतर बंद पेटीत कॅमेरा ठेवून साधे खेळ : मणी उचलणे, एका खुंटीवरचे कडे दुसऱ्या खुंटीवर ठेवणे. त्यानंतर हाडांच्या कृत्रिम प्रतिकृती. मग मृत श्वानाच्या सांध्यावर प्रत्यक्ष सराव. येथे दोन-दोन शिकाऊ वैद्य एका मेजावर उभे राहतात, एक दुर्बीण धरतो, दुसरा उपकरण, आणि नंतर भूमिका बदलतात. सराव संपल्यावर तोच सांधा उघडून पाहिला जातो. छिद्र कोठे पडले, मज्जातंतू किती अंतरावर राहिला, कूर्चेवर किती ओरखडे उठले, हे शिकणारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. एवढे झाल्यावरच अनुभवी शल्यवैद्याच्या देखरेखीखाली रुग्ण श्वानावर मदतनीस म्हणून काम, आणि शेवटी स्वतंत्र जबाबदारी. दुर्बिणीने साधत नसेल तर वेळीच सांधा उघडण्याचा निर्णय घेणे यात कमीपणा नाही, हेही याच वर्गात शिकविले जाते.

येथे श्रावकाच्या मनात रास्त प्रश्न उद्भवतो. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'छेद' सांगितला आहे. मग शस्त्रक्रिया हा छेद नव्हे काय? याचे उत्तर आचार्यांच्या विवेचनातच आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येचे मर्म प्रमादात ठेवले आहे. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात ते अधिक स्पष्ट केले : रागद्वेषरहित व सावध आचरण असताना केवळ प्राणपीडा घडली म्हणून हिंसा होत नाही, आणि प्रमाद असेल तर जीव वाचला तरी हिंसेचा दोष लागतो. वैद्याचे शस्त्र करुणेने चालते, म्हणून ते छेदाच्या दोषात येत नाही. परंतु याच न्यायाने, पुरेसा सराव न करता जिवंत प्राण्याच्या सांध्यात उपकरण घालणारा हात, हेतू कितीही शुद्ध असला तरी, प्रमादापासून मुक्त म्हणता येणार नाही. मुनी पिंछी-कमंडलू उचलता-ठेवताना जी सावधता पाळतात तिला आदान-निक्षेपण समिती म्हणतात. उपकरण आत नेताना आणि बाहेर काढताना शल्यवैद्याला साधावयाची सावधता याच जातीची आहे. सराव म्हणजे अप्रमादाची साधना होय.

दुसरा प्रश्न त्याहून कठीण. सराव कोणावर करावयाचा? निरोगी श्वानाला भूल देऊन केवळ हात बसावा म्हणून त्याचा सांधा भोसकणे जैन मनाला मान्य होणार नाही. भारतीय कायद्याचीही दिशा तीच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ मध्ये, केवळ हस्तकौशल्य संपादन करण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग शक्यतो होऊ नयेत आणि ग्रंथ, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असा आशय आहे. मग उरतो तो मृतदेहाचा मार्ग. तोही निर्दोष तेव्हाच, जेव्हा सरावासाठी कोणाचा प्राण घेतलेला नसतो. आजाराने वा वार्धक्याने मृत झालेल्या श्वानाचा देह त्याच्या पालकाने स्वेच्छेने दिलेला असतो. मनुष्याच्या देहदानाने जसे डॉक्टर घडतात, तसेच हे दान.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दुर्बिणीने सुटलेला तुकडा निघतो, पण सांध्याची झीज पूर्ण थांबत नाही. पुढे नियंत्रित व्यायाम, वेदनाशामक औषधे आणि मुख्यतः वजनावर ताबा ठेवावा लागतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्रेडॉर श्वानांच्या दीर्घकालीन अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेले श्वान सुमारे १.८ वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात सांध्यांचा विकार उशिरा दिसला. ऊनोदर तपाचे महत्त्व जाणणाऱ्या घरात पाळीव श्वानाला मात्र प्रेमापोटी तूप-लाडू चारले जातात. ते प्रेम त्याच्या सांध्यांना झेपत नाही.

शास्त्रांनी आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली. पशुसेवेत आपल्या समाजाने आहारदान व अभयदान उदंड केले. गावोगावची पांजरपोळे त्याची साक्ष आहेत. औषधदानाचेही दवाखाने उभे राहिले. परंतु पशुवैद्याच्या हाताला शिक्षण देण्यासाठी फारसे कोणी दान देत नाही. कारण त्याची कोनशिला बसत नाही, त्यावर नाव कोरले जात नाही. एका तरुण पशुवैद्याच्या प्रशिक्षणाचा खर्च, सरावाच्या पेट्या व प्रतिकृती, आणि आपल्या लाडक्या श्वानाच्या निधनानंतर त्याचा देह विद्येसाठी देण्याची तयारी, एवढे झाले तरी ज्ञानदान व औषधदान एकत्र येतील. मग जो तरुण वैद्य प्रथमच एखाद्या मुक्या जीवाच्या सांध्यात दुर्बीण घालील, त्याचे शिकण्याचे ओरखडे आधीच संपलेले असतील, आणि त्या जीवाच्या वाट्याला केवळ उपचार येईल.

जय जिनेंद्र!