टाके निघाल्यानंतरची वर्षं



आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा तुमच्या हातातल्या अहवालात छापलेला आहे, तो मी वाचून दाखवत नाही. माझ्या वाट्याची वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. बाईची दोन्ही अंडाशयं काढून आपण तिला घरी पाठवतो, त्यानंतर तिचं काय होतं?

शस्त्रक्रिया आपल्याला उत्तम येते. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकीमध्ये इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या अंडाशयाची प्रचंड गाठ काढली. भूल द्यायचं औषध तेव्हा नव्हतं. बाई तिथवर साठ मैल घोड्यावरून आल्या होत्या आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगल्या. हा अवयव कापता येतो, हे जगाला तेव्हाच कळलं. तो शरीरात नेमकं काय करतो, हे कळायला मात्र जवळपास शंभर वर्षं गेली. विसाव्या शतकाच्या तोंडावर व्हिएन्नात एमिल क्नाउअर यांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि अंडाशयातून काहीतरी रक्तात जातं, हे दाखवलं. इस्ट्रोजन हाती लागलं ते १९२३ मध्ये. कापणं आधी आलं, समजणं मागून आलं. आपल्या रोजच्या कामात आजही हाच क्रम टिकून आहे, अशी माझी तक्रार आहे.

पोटावरच्या जखमेबद्दल आपण नीट सांगतो. दुसऱ्या दिवशी उठून चाला, पायात रक्ताची गुठळी होऊ देऊ नका, कुंथू नका, सहा आठवडे जड उचलू नका. दुर्बिणीतून केलं असेल तर खांदा दुखेल, तो पोटात भरलेल्या वायूमुळे, घाबरू नका. सात-दहा दिवसांत टाके निघतात, बाई पाया पडते, आपण फाइल मिटतो. पण अंडाशयं गेली असतील, तर दोन-तीन दिवसांतच रक्तातलं इस्ट्रोजन तळाला गेलेलं असतं. एरवी पाळी जायला वर्षानुवर्षं लागतात, शरीर हळूहळू सवय करून घेतं. पाळी गेल्यावरही अंडाशय अगदी रिकामं बसत नाही, पुरुषी संप्रेरकं थोडीफार बनवत राहतं आणि चरबीत त्यांचं इस्ट्रोजन होतं. शस्त्रक्रियेने हे सगळंच एका दुपारी थांबतं. म्हणून या बायकांचे त्रास लवकर येतात आणि जोरात येतात. काहींना तर वॉर्डातच अंगातून पहिली गरम वाफ येते, आणि आपण ताप मोजून जातो.

माझ्या ओपीडीत आलेल्या एका बाईबद्दल सांगते. वय पस्तीसच्या पुढेमागे, ऊसतोडीला जाणारी. अंगावरून जायचं, ओटीपोटात दुखायचं, म्हणून पिशवी काढलेली. ती म्हणाली, "बाई, अंगाचा भडका उठतो. कोपीत थंडीनं सगळी गारठलेली आन् मी बाहेर येऊन बसते. झोप न्हाई. उगाच रडू येतं. मोळी उचलली की हात गळून जातात." खालून कोरडं पडलंय, नवरा जवळ आला की जीव नकोसा होतो, हे तिने मान खाली घालून, जाऊ बाहेर गेल्यावर सांगितलं. तोवर तिने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या, थायरॉइड तपासून झालं होतं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती आणि गावात कुणीतरी लिंबूही उतरवला होता. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने डिस्चार्ज कार्ड काढलं. घड्या पडून मधोमध फाटलेलं. त्यावर इंग्रजी आद्याक्षरांत एवढंच लिहिलेलं की गर्भाशयाबरोबर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयं काढली. का काढली, ते नव्हतं. पुढे काय, तेही नव्हतं. तिला स्वतःला ठाऊक होतं ते इतकंच की पिशवी काढली.

तिची गोष्ट एकटीची नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही, गरोदर असो की पाळी चालू असो, कोयता थांबत नाही. उचल फेडायची तर पाळीची कटकटच नको, असं बायकांना वाटावं अशी सगळी व्यवस्था, आणि त्यावर "ठेवली तर कॅन्सर होईल" हे आपल्यापैकी काहींनी घातलेलं भय. नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. गर्भाशयाची चर्चा तरी झाली. त्यासोबत किती जणींची अंडाशयं गेली, याबद्दल मात्र सभागृहात शांतता असते.

कॅन्सरच्या भयाचा हिशेब एकदा मांडू या. जिच्या घरात हा आजार नाही अशा सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. उलट बाजूला काय आहे? अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासाचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहा. गर्भाशयाबरोबर अंडाशयं काढलेल्या बायकांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग होण्याचं प्रमाण कमी झालं, पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही वाढले. कोणत्याच वयोगटात काढल्याने आयुष्य वाढलं नाही. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मिनेसोटातल्या बायकांचा वर्षानुवर्षं माग काढला. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेलेल्या आणि नंतर इस्ट्रोजन न मिळालेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. वय जितकं कमी, तितका उतारवयात स्मृतीवर परिणाम अधिक, असंही त्यांना दिसलं. हाडांचं तर आपल्याला पाठच आहे. पहिल्या काही वर्षांतच ती झपाट्याने झिजतात. डोक्यावरून मोळी वाहणाऱ्या बाईच्या मणक्याला ते किती महागात पडतं, याचा विचार करा.

जिला काढणं गरजेचंच आहे, तिची गोष्ट वेगळी. बीआरसीए जनुकाचा दोष असलेल्या बाईने मुलंबाळं झाल्यावर, दोषाच्या प्रकाराप्रमाणे साधारण पस्तीस ते पंचेचाळीस या वयात अंडाशयं काढून घ्यावीत, हा सल्ला योग्यच आहे. अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये हेच केलं आणि उघडपणे लिहिलं. तिने संप्रेरकाची पट्टी सुरू केल्याचंही त्यात सांगितलं. तेवढा भाग आपल्याकडच्या बातम्यांत दिसेनासा झाला. बाकीच्यांसाठी आता आणखी एक वाट आहे. या कर्करोगातले बरेचसे घातक प्रकार नळीच्या टोकाशी सुरू होतात, म्हणून गर्भाशय काढताना नळ्या काढाव्यात आणि निरोगी अंडाशयं जागेवर ठेवावीत.

आता औषधाकडे येते, कारण इथे आपला हात सर्वांत आखडता आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचे निष्कर्ष आले आणि हार्मोन म्हटलं की स्तनाचा कर्करोग, हे समीकरण डॉक्टरांच्याही मनात बसलं. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं आणि त्या दोन संप्रेरकं एकत्र घेत होत्या. गर्भाशय नसलेल्या, फक्त इस्ट्रोजन घेणाऱ्या गटाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. पक्षाघाताचा धोका मात्र वाढलेला होता आणि तोही रुग्णाला सांगायला हवा. पण पस्तिशीतल्या बाईला आपण काही जास्तीचं देत नसतो. तिच्या शरीरात जे असायला हवं होतं आणि आपण काढून घेतलं, त्याची भरपाई करत असतो. स्तनाचा किंवा इस्ट्रोजनवर पोसणारा दुसरा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा गंभीर आजार असं काही नसेल, तर पाळी एरवी गेली असती त्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, इस्ट्रोजन द्यावं. त्वचेवर लावायच्या जेलने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. गर्भाशय शाबूत असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच. एन्डोमेट्रिओसिस होतं, तर गर्भाशय नसतानाही प्रोजेस्टेरॉनचा विचार करा. ज्यांना इस्ट्रोजन चालत नाही, त्यांच्या वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन आहे. कोरडेपणासाठी कमी मात्रेचं मलम स्थानिक लावता येतं आणि त्याने बाईचं सहजीवन परत येतं. तो प्रश्न ती विचारणार नाही, आपणच विचारायचा. आणि एकदा नवऱ्यालाही आत बोलवा. बायको टाळते, चिडते, याचं कारण डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की घरातली निम्मी भांडणं मिटतात, हे मी पाहिलं आहे.

त्या ऊसतोड करणाऱ्या बाईला आम्ही जेल सुरू केलं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं. काही आठवड्यांनी ती रात्रभर झोपू लागली. झोपेची गोळी सुटली. कारखान्याच्या पट्ट्यावर असताना जेल संपलं की मिळणार कुठे, हा प्रश्न तिने विचारला आणि त्याचं धड उत्तर आपल्या आरोग्यव्यवस्थेकडे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात तसं हे औषध मिळायला हवं. संघटनेच्या वतीने ही मागणी मी आरोग्य विभागाकडे करणार आहे.

दुपारच्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडते आहे. दोन्ही अंडाशयं काढली तर तसं आणि त्याचं कारण डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहायचं, रुग्णाला वाचून दाखवायचं. पंचेचाळिशीच्या आतल्या बाईची काढायची असतील तर शस्त्रक्रियेपूर्वीच दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं लेखी मत घ्यायचं. सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी तिला बोलवायचं, येत नसेल तर आशाताईंमार्फत निरोप धाडायचा. कार्डाचा नमुना नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो वाचा, कुठे शब्द अवघड वाटला तर पेनाने खोडून सोपा लिहा, आणि ती प्रत घेऊनच सभेला या.